हरणाच्या शिकारीसाठी बाराबोअर शॉटगनवर कोणती साइट बसवावी आणि कशी?

साखळीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी मूळचा साखळीचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहतो आणि सध्या चवथीसाठी घरी आलो आहे. बंदुकीची खरी पारख असलेली माणसे या मंचावर लिहितात, म्हणून परत जाण्यापूर्वी येथेच विचारावेसे वाटले. आधीच स्पष्ट करतो की प्रश्न तिथल्या शिकारीविषयी आहे, गोव्यातल्या नव्हे. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड, शिकाऱ्यांसाठीचा सक्तीचा अभ्यासक्रम आणि बंदुकीने शिकार करण्याचा परवाना या तिन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत. डिसेंबरमध्ये सहा दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो, त्यात यंदा प्रथमच हरणासाठी बसणार आहे.

बंदूक मॉसबर्ग 500 आहे, बाराबोअर, पंप-ॲक्शन. नळी 28 इंची, आतून गुळगुळीत, वर जाळीदार रिब (नळीच्या माथ्यावरची उंच पट्टी) आणि टोकाला पितळी मणी. आजवर हिचा वापर मी रेंजवर मातीच्या चकत्या फोडण्यासाठीच केला आहे. न्यू जर्सीत हरणासाठी काडतुसाची रायफल चालत नाही. बंदुकीच्या हंगामात शॉटगनच घ्यावी लागते, आणि तीत स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच गोळी असलेले काडतूस) वापरायचा असेल तर बंदुकीवर कमी-जास्त करता येणारी उघडी साइट, पीप साइट किंवा स्कोप असणे नियमानेच आवश्यक आहे. तेव्हा नुसत्या मण्यावर भागणार नाही.

तिथल्या दुकानदाराने तीन मार्ग सांगितले. पहिला, रिबवर चिमटीने बसणारी फायबर ऑप्टिक साइट; ती सर्वांत स्वस्त. दुसरा, रिसीव्हरवर (नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या पेटीवर) पट्टी बसवून तिच्यावर स्कोप किंवा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट. तिसरा, रायफलिंग (आतून सर्पिल खाचा) असलेली वेगळी 24 इंची नळीच विकत घेणे, जिच्यावर साइट किंवा साइटची पट्टी आधीच असते. जिथे बसणार आहे ते रान दाट आहे आणि 50 ते 60 यार्डांच्या (यार्ड मीटरहून थोडा कमी) पलीकडचे फारसे दिसत नाही. माझी पंचेचाळिशी उलटली आहे, वाचायला चष्मा लागतो आणि अलीकडे जवळची साइट धूसर दिसू लागली आहे. यांतले काय निवडावे, आणि निवडल्यावर घरच्या घरी बसवता येईल का? हरीण जखमी होऊन रानात पळाले, असे माझ्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

मडगावचा नेमबाज यांचे उत्तर

साखळीकरबाब, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची दिशा आहे. साइटची निवड शेवटी करायची असते. आधी काडतूस ठरवावे, मग नळी आणि मग साइट. दुकानात नेमके याच्या उलट घडते, कारण काचेच्या कपाटात साइट समोर दिसते.

मण्यापासून सुरुवात करतो, कारण तो का चालत नाही हे कळले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. उडत्या चकतीवर किंवा पाखरावर छर्रे मारताना आपण मण्याकडे पाहतच नाही. नजर लक्ष्यावर असते, नळी तिच्यामागे फिरते आणि छर्ऱ्यांचा पसारा थोडीफार चूक सांभाळून घेतो. स्लग म्हणजे मात्र एकच जड गोळी. बाराबोअरची प्रचलित स्लग एक औंसाची, म्हणजे सुमारे 28 ग्रॅमची असते आणि ती नेम गेला तिथेच जाते. मण्याच्या बंदुकीला मागची साइट नसते. मागच्या साइटचे काम तुमचा डोळा करतो. तुमच्या 28 इंची नळीवर डोळ्यापासून मण्यापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर भरेल. गाल दस्त्यावर नेहमीपेक्षा सैल टेकला आणि डोळा तीन मिलिमीटर वर राहिला, तर 50 मीटरवर चूक होते 15 सेंटिमीटर. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग अंदाजे 20 सेंटिमीटर व्यासाचा धरतात, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त 10. तीन मिलिमीटरची ढिलाई आणि गोळी त्या वर्तुळाच्या बाहेर. थंडीत जाड जाकीट घालून, झाडावरच्या मचाणावर अवघडून बसलेला माणूस गाल दर वेळी तीन मिलिमीटरच्या आत एकाच जागी टेकवील, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तिथल्या सरकारने स्लगसाठी साइट सक्तीची केली ती योग्यच आहे.

आता काडतूस. गुळगुळीत नळीसाठी फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीची स्लग घेतात. ब्रेनेके ही जर्मनीतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची रचना आणि फॉस्टर अमेरिकेतली, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची. दोन्हींच्या अंगावर तिरप्या खाचा दिसतात. त्यांनी गोळी रायफलच्या गोळीसारखी फिरते असा समज आहे, पण त्यांचे खरे काम चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाशी अरुंद केलेल्या भागातून, जाताना शिशाला दबायला जागा देणे हे आहे. फॉस्टर स्थिर राहते ती मागून पोकळ आणि पुढून जड असल्यामुळे. चांगल्या गुळगुळीत नळीतून तिचा भरवशाचा पल्ला 50 ते 75 यार्ड धरावा. चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ठेवावा, फुल चोकमधून स्लग मारू नये. दुसरी जात सॅबोची. तीत बोअरपेक्षा लहान व्यासाची गोळी प्लास्टिकच्या वेष्टनात असते, नळीतल्या सर्पिल खाचा ते वेष्टन पकडून गोळीला फिरवतात आणि बाहेर पडल्यावर वेष्टन गळून जाते. रायफलिंगच्या नळीतून ही 100 यार्डांच्या पुढेही नीट जाते, पण गुळगुळीत नळीतून मारली तर तिला फिरकीच मिळत नाही आणि महागडे काडतूस फॉस्टरपेक्षाही वाईट लागते. उलट बाजूने, रायफलिंगच्या नळीतून छर्रे किंवा बकशॉट मारू नये, कारण फिरकीमुळे पसारा मधून रिकामा आणि भलताच रुंद होतो. दोन नळ्या बाळगायच्या तर कोणत्या नळीत काय हे मनात पक्के हवे.

तुमच्या 50 ते 60 यार्डांना गुळगुळीत नळी आणि फॉस्टर पुरेशी आहे. तरीही मी तिसरा मार्ग, म्हणजे वेगळी नळी, सुचवीन. कारण रायफलिंग नव्हे, साइट कशावर बसते हे आहे. पंप-ॲक्शनची नळी रिसीव्हरमध्ये सरकवून पुढच्या स्क्रूने आवळलेली असते. ती साफसफाईसाठी काढता यावी म्हणून सांध्यात बारीकशी सैलाई राहतेच. बंदूक रिकामी करून रिसीव्हर एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळीचे टोक हळूच वरखाली हलवून पाहा, बोटांना कळेल. स्कोप रिसीव्हरवर आणि गोळी नळीतून, अशी व्यवस्था असली की दोघांमधला तो सांधा प्रत्येक बारासोबत थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. डगमगत्या पाटावर तराजू ठेवून सोने तोलण्यासारखे ते आहे. कॅन्टिलिव्हर नळीत साइटची पट्टी नळीलाच जोडलेली असून मागे रिसीव्हरच्या वर नुसती अधांतरी येते. सांधा हलला तरी साइट आणि नळी एकत्रच हलतात, आणि नळी काढून पुन्हा घातली तरी जुळणी फारशी बिघडत नाही. तुम्ही एरवी चकत्या फोडता, त्यामुळे नळ्या बदलाव्या लागणारच. तुमच्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे.

चिमटीची फायबर साइट मी सरळ बाद करतो. तिचे रंग सुंदर दिसतात, पहाटेच्या उजेडात उठूनही दिसतात, पण स्लगच्या दणक्याने ती रिबवर सरकू शकते आणि सरकलेली चटकन लक्षात येत नाही. शिवाय तिथला नियम कमी-जास्त करता येणारी साइट मागतो, आणि त्यांतल्या कित्येक नुसत्या अडकवायच्या असतात.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. उघड्या साइटमध्ये मागची खाच, पुढचे टोक आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर नजर जुळवावी लागते, आणि चाळिशीनंतर डोळ्याला ते जमत नाही. पीप साइटमध्ये मागे बारीक कडे असते. त्यातून पाहिले की डोळा आपोआप मध्य शोधतो, कडे धूसर दिसले तरी बिघडत नाही, म्हणून ती तुमच्या वयाला उघड्या साइटपेक्षा कितीतरी बरी. रेड डॉटमध्ये ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे जवळचे काहीच पाहावे लागत नाही. मात्र तुमच्या चष्म्याच्या नंबरात सिलिंडर असेल तर ठिपका फाटलेला, ताऱ्यासारखा दिसेल. विकत घेण्यापूर्वी दुकानात स्वतःच्या चष्म्यातून, उजेड कमी-जास्त करून पाहावे. ठिपका 2 किंवा 3 एमओएचा घ्यावा (एमओए हे कोनाचे माप, 100 यार्डांवर सुमारे एक इंच). 3 एमओएचा ठिपका 50 यार्डांवर दीड इंच झाकतो, ते चालते. पण मोठा ठिपका हरणाच्या अंगावर नेमकी जागा दाखवत नाही. स्कोपच घ्यायचा असेल तर 1 ते 4 पटीचा, शॉटगनसाठी बनवलेला घ्या. असे स्कोप सहसा 50 किंवा 75 यार्डांवर पॅरॅलॅक्समुक्त केलेले असतात, म्हणजे त्या अंतरावर डोळा थोडा हलला तरी नेम सरकत नाही, रायफलचे बहुतेक 100 वर. शिवाय त्यांत डोळ्यापासूनचे अंतर जास्त मिळते, आणि बाराबोअरच्या दणक्यापुढे ते अंतर कमी असले तर भुवई फुटते.

माझी निवड विचाराल तर कॅन्टिलिव्हर नळी आणि तिच्यावर 1 ते 4 पटीचा छोटा स्कोप. पटी कायम कमीत कमी ठेवून बसावे.

वाळपईकर यांचे उत्तर

मडगावच्या सरांशी मी एका बाबतीत सहमत नाही. दाट रानात, धुक्यात आणि पावसात काच हा पहिला अडथळा ठरतो. आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात रानाजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चष्म्याची काचसुद्धा श्वासाच्या वाफेने क्षणात आंधळी होते; मग बंदुकीवरच्या काचेचे काय होत असेल? डिसेंबरात तिकडे थंडी कडक असते, आणि डोळा स्कोपला लावून श्वास सोडला की वाफ काचेवर धरणारच. 50 यार्डांच्या आत काम असेल तर रायफल साइट असलेली नळी घेऊन तिच्यावर पीप बसवावी. बॅटरी नाही, काच नाही, आणि आपटली तरी डोळ्यांना दिसते की वाकली आहे. नियमातही पीप साइटचे नाव स्पष्ट आहे असे साखळीकरांनीच लिहिले आहे.

दुसरे, हे उत्तर येथे वाचणाऱ्या गोव्यातल्या तरुणांसाठी लिहितो. गोव्यात हरणाची शिकार कोणत्याही साइटने, कोणत्याही बंदुकीने करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ, भेकर, पिसोरी या सगळ्यांना संरक्षण आहे आणि कायद्याच्या व्याख्येत नुसते मारणेच नव्हे, तर सापळा लावणे, पिटाळणे, आमिष दाखवणे हेही शिकारीतच मोडते. कुळागर राखण्यासाठी ज्यांच्या घरात वडिलोपार्जित परवान्याची बंदूक आहे, त्यांनीही तो परवाना भेकरासाठी नाही हे मुलांना वेळीच सांगावे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये 1999 साली जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या घरामागचे रान कुणाचे याविषयी गावात पुष्कळ वाद झाले, पण भेकराचा पहाटेचा आवाज अजून ऐकू येतो याचे मला खरोखर समाधान आहे. न्यू जर्सीत हरणांची संख्या राज्य सरकारच हंगाम आणि मर्यादा ठरवून आटोक्यात ठेवते, तिथे परवाना घेऊन बसणाऱ्याला माझा विरोध नाही. फक्त तिथली रायफलिंगची नळी किंवा काडतुसे हौसेने सामानात घालून इकडे आणू नयेत. शस्त्र कायद्यात बंदुकीच्या सुट्या भागांनाही परवाना लागतो आणि गुळगुळीत नळीची बंदूक वेगळी, रायफलिंगची वेगळी धरतात.

फोंडेकर यांचे उत्तर

निवडीचा वाद दोघांवर सोपवतो. मी बसवण्याविषयी लिहितो, कारण बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानात माझी निम्मी हयात गेली आहे आणि चांगली साइट वाईट बसवल्यामुळे फुकट गेलेली पुष्कळदा पाहिली आहे.

घरी बसवता येते. नळी काढून आणि मॅगझिन रिकामे करून, डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासल्यावरच टेबलाशी बसावे, आणि त्या टेबलावर एकही काडतूस ठेवू नये. कॅन्टिलिव्हर नळी घेतली तर पट्टी बसवण्याचे काम कारखान्यातच झालेले असते. तुम्हाला फक्त नळी घालून पुढचा स्क्रू हाताने पूर्ण आवळायचा आणि स्कोप रिंगांमध्ये बसवायचा. रिसीव्हरवर पट्टी बसवायची ठरलीच, तर मॉसबर्ग 500 च्या रिसीव्हरला वरून भोके पाडून आटे काढलेले असतात आणि त्यांत छोटे बुजवणारे स्क्रू असतात. ते काढावे. पिना काढून बाजूने खोगिरासारखी बसवायची पट्टीही बाजारात मिळते, पण वरची भोके असताना तिची गरज नाही.

भोके आणि स्क्रू स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढावा. आधी पट्टी कोरडीच ठेवून पाहावी. ती रिसीव्हरवर सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. एका टोकाखाली कागद सरकत असेल तर आवळून ती बसवू नये, पट्टी बदलावी. रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, त्याचे आटे पोलादासारखे दांडगे नसतात, म्हणून पाना जोराने फिरवण्याची सवय येथे आवरावी आणि पट्टीसोबतच्या कागदावर दिलेल्या मापापर्यंतच, टॉर्क दाखवणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळावे. प्रत्येक स्क्रूला निळ्या रंगाच्या, पुन्हा सुटू शकणाऱ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एकच थेंब. लाल वापरू नये, तो सोडवायला तापवावे लागते. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. आणि हे विसरू नये: पट्टी बसल्यावर पंप मागेपुढे करून बोल्ट मोकळा चालतो का ते पाहावे. एखादा स्क्रू अर्धा मिलिमीटर लांब असला तरी तो आत उतरून बोल्टला घासतो, आणि तो आवाज ओळखीचा नसला तर बंदूकच बिघडली असे वाटते.

स्कोप रिंगांमध्ये सैल ठेवून, डिसेंबरात घालणार तेच जाकीट घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावे. चित्र पूर्ण गोल आणि कडेला काळी सावली नसलेले दिसले पाहिजे. सावली असेल तर मान लांब करून जुळवून घेऊ नये, स्कोप पुढेमागे सरकवावा. भुवईपासून निदान नऊ सेंटिमीटर मोकळे ठेवा. येथे एक अडचण हमखास येते: मण्यासाठी बनवलेला दस्ता खाली असतो आणि स्कोपची रेषा त्यापेक्षा दीड-दोन इंच वर जाते, त्यामुळे गाल टेकवला तर स्कोप दिसत नाही आणि स्कोप दिसला तर गाल उचललेला असतो. दस्त्यावर गालाखाली बांधायची उंच गादी मिळते, ती घ्यावीच. मडगावच्या सरांनी सांगितलेले तीन मिलिमीटर सगळे इथेच हरवतात.

क्रॉसहेअर उभी करण्यासाठी समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडा. बंदूक गादीवर सरळ, पाणसळ लावून ठेवली की उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा आणि मग रिंगांचे स्क्रू आवळा. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नखाच्या रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला आहे.

वाळपईकरांचे ऐकून पीप घेतली तर आकडेमोड सोपी आहे. दोन साइटमधले अंतर गुणिले चूक, भागिले लक्ष्याचे अंतर. साइटमधले अंतर 45 सेंटिमीटर असेल आणि 50 यार्डांवर गोळी 10 सेंटिमीटर खाली लागत असेल, तर मागची साइट जवळजवळ एक मिलिमीटर वर घ्यायची. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवतात, पुढची त्याच्या उलट. एक मिलिमीटर म्हणजे किती बारीक हे डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे साइटचा स्क्रू सैल राहून चालत नाही हे पटेल.

साखळीकर लिहितात

आपण तिघांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. सिलिंडरचा नंबर माझ्या उजव्या डोळ्याला आहे, तेव्हा रेड डॉट बाजूला ठेवतो. कॅन्टिलिव्हर नळी आणि 1 ते 4 पटीचा स्कोप घेईन, आणि वाळपईकरांचा मुद्दा पटल्यामुळे स्कोप चटकन काढता येईल अशा रिंगा घेऊन काचेसाठी झाकणेही घेईन. नळी किंवा काडतुसे, काहीही इकडे आणणार नाही, याची खात्री बाळगावी.

आता एवढेच विचारतो: रेंजवर गेल्यावर सुरुवात कुठून करावी, आणि शून्य, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, किती यार्डांवर धरावे? सॅबो काडतूस महाग असल्यामुळे उगाच उडवायचे नाही.

मडगावचा नेमबाज यांचे उत्तर

सुटणाऱ्या रिंगा चालतील, पण प्रत्येक वेळी त्याच खाचेत, पुढच्या बाजूला दाबून आवळाव्यात, आणि काढून घातल्यावर एक गोळी कागदावर मारून पाहिल्याशिवाय रानात जाऊ नये.

पहिली गोळी 25 यार्डांवर, मोठ्या कागदावर. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवताना पुढचा लाकडी भाग टेकवावा, नळी टेकवू नये. नळी टेकली की गोळी वर उसळते आणि ती चूक स्कोपच्या माथी मारली जाते. खांद्यावर जाड गादी घ्या, कारण टेबलावरून बसून मारताना बाराबोअरचा दणका उभ्यापेक्षा जास्त लागतो आणि दोन-चार बारांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. हाताला ते कळतही नाही, कागदावर दिसते. दमलात तर थांबा, दुसऱ्या दिवशी या.

स्कोपच्या बटणावर एक टिचकी 100 यार्डांवर पाव इंच असे लिहिलेले असेल तर 25 यार्डांवर तीच टिचकी एका इंचाचा सोळावा भाग हलवते. गोळी तीन इंच खाली लागली तर 48 टिचक्या वर. आकडा मोठा वाटून लोक निम्म्यावर थांबतात आणि मग काडतुसे जाळतात. मोजून पूर्ण फिरवा. 25 वर गोळी मध्यापासून किंचित खाली लागेल असे ठेवून 50 वर जा, तिथे तीन गोळ्यांचा पुंजका पाहा, एका गोळीवर काहीही हलवू नका. दोन पुंजक्यांच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या.

शून्य 75 यार्डांवर धरा. 1900 फूट प्रतिसेकंदाच्या आसपासची सॅबो असेल तर 50 वर ती जवळजवळ मध्यावरच राहते आणि 100 वर साधारण इंचभर खाली जाते, म्हणजे तुमच्या रानात तुम्हाला वरखाली काही धरावेच लागणार नाही. हेच फॉस्टरने, 50 वर शून्य धरून केले असते तर 100 वर ती पाच-सहा इंच खाली गेली असती. पण हे आकडे काडतुसाच्या डब्यापुरते समजा आणि 50, 75, 100 तिन्ही अंतरांवर स्वतःच्या नळीतून कागदावर बघा. काडतुसाची एक जात जमली की त्याच जातीचे, जमल्यास त्याच खोक्यातले काडतूस हंगामासाठी ठेवा. सॅबोच्या दोन कंपन्यांची काडतुसे एकाच नळीतून हातभर अंतरावर लागलेली मी पाहिली आहेत.

आणि बसाल तेव्हा अंगावर नारिंगी रंगाचे कापड असू द्या. तिथल्या नियमाने किमान 200 चौरस इंच लागते, आणि हरणांच्या डोळ्यांना तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे संकोचाचे कारण नाही.

फोंडेकर लिहितात

एक भर घालतो. रेंजवरून परतल्यावर नळीचा पुढचा स्क्रू आणि रिंगांवरच्या रेघा पुन्हा पाहा. नवीन पट्टी आणि नवीन रिंगा पहिल्या काही बारांत बसतात, आणि त्यानंतर एकदा कागदाच्या मापाने आवळल्या की हंगामभर हात लावावा लागत नाही. सॅबोच्या प्लास्टिकचा थर नळीच्या खाचांत साचतो, म्हणून सफाईला शिसे काढणाऱ्या द्रावणासोबत प्लास्टिक काढणारेही वापरा. पुंजका अचानक पसरला तर स्कोपला दोष देण्याआधी नळीत उजेड सोडून पाहा.